सरोवराचं दुखणं जमिनीवर

६ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत एक महासरोवर वाढलं. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ऑन्टॅरिओ ही पाच नावं तिथल्या शाळकरी पोरांना पाठ असतात. त्यांत अचानक सहावं येऊन बसलं, शँप्लेन. व्हरमाँट राज्याचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी सागरी संशोधनाच्या अनुदानाबद्दलच्या एका विधेयकात हळूच एक ओळ घातली होती. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी विधेयकावर सही केली, तिच्यासोबत ती ओळही कायदा झाली. मग खऱ्या महासरोवरांच्या काठची राज्यं खवळली. एकटं मिशिगन सरोवरच शँप्लेनच्या पन्नासपट मोठं, त्यांचा राग समजण्यासारखा होता. अठराव्या दिवशी, २४ मार्चला, ही पदवी रद्द झाली.

लेहींना भूगोल बदलायचा नव्हताच. महासरोवरांच्या काठच्या विद्यापीठांना जो संशोधन निधी मागता येत होता, तो व्हरमाँटलाही मागता यावा, एवढंच त्यांना हवं होतं. तडजोडीत पदवी गेली आणि निधीचा हक्क राहिला. माझ्या मते सौदा लेहींनीच जिंकला. आज बर्लिंग्टन शहरात सरोवराला अगदी खेटून जे संशोधन आणि शिक्षणाचं केंद्र उभं आहे, त्याला त्यांचंच नाव आहे : एको, लेही सेंटर फॉर लेक शँप्लेन.

शँप्लेन आहे कुठे? अमेरिकेच्या ईशान्येला, पश्चिमेकडे न्यूयॉर्क राज्य, पूर्वेकडे व्हरमाँट आणि वरचं टोक कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात. लांबी १९३ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १९, सर्वांत खोल जागी १२२ मीटर पाणी. क्षेत्रफळ १,१२७ चौरस किलोमीटर, म्हणजे पैठणच्या नाथसागराच्या तिपटीहून अधिक. पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं आणि रिशेल्यू नदीतून सेंट लॉरेन्सला जाऊन मिळतं. दीड लाखाच्या आसपास लोक याच सरोवराचं पाणी पितात.

केंद्राची जागाही सहजासहजी मिळालेली नाही. एकोणिसाव्या शतकात बर्लिंग्टन हे लाकडाचं मोठं बंदर होतं. धक्के आणि रेल्वेचे रूळ यांसाठी सरोवरात भराव घालून किनारा पुढे सरकवला गेला. लाकडाचा धंदा बसला आणि किनाऱ्यावर तेलाच्या टाक्या आणि गंजकं लोखंड उरलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन विकायची वेळ आली तेव्हा मालकी कोणाची यावर खटला झाला. १९८९ साली व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की भराव घातलेली असली तरी ती मुळात सरोवराच्या तळाची जमीन आहे, सरोवर राज्याने जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून राखायचं असतं, त्यामुळे रेल्वे कंपनीला ती मनाला येईल तशी विकता येणार नाही. त्या किनाऱ्यावर पुढे बाग, सायकलींचा रस्ता आणि हे केंद्र आलं. आधी, १९९५ पासून, ते नौदलाच्या राखीव दलाच्या जुन्या इमारतीत चालायचं. आताची इमारत २००३ साली उघडली. किनारपट्टीवरच्या भरावांचे वाद आपल्याकडे काही कमी नाहीत, म्हणून हा निकाल जरा सविस्तर सांगितला.

आत गेलं की सरोवरातले मासे, बेडूक, कासवं, साप, असे सुमारे सत्तर जातींचे जीव काचेपलीकडे दिसतात. मुलांना पाण्यात हात घालून खेळायला मिळतं. पण नुसतं मत्स्यालय म्हणून पाहिलं, तर याहून भव्य मत्स्यालयं जगात पुष्कळ आहेत. इथलं वेगळेपण शेजारात आहे. त्याच आवारात व्हरमाँट विद्यापीठाची रुबेनस्टाइन परिसंस्था प्रयोगशाळा आहे. सरोवराचा कारभार पाहणाऱ्या, दोन राज्यं आणि एक परदेशी प्रांत यांना एका टेबलावर आणणाऱ्या ‘लेक शँप्लेन बेसिन प्रोग्रॅम’ची माहितीची खोलीही तिथेच आहे. विद्यापीठाच्या संशोधन बोटीचं नाव ‘मेलोसिरा’, आणि मेलोसिरा ही डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची एक प्रजाती. बोटीला शेवाळाचं नाव द्यायला शास्त्रज्ञच हवेत. २०२३ साली तिची जागा विजेवरही चालणाऱ्या नव्या बोटीने घेतली. नव्या बोटीच्या नावात लेही यांच्या पत्नी मार्सेल यांचं नाव आलं, पण शेवाळ राहिलं : ‘मार्सेल मेलोसिरा’.

आता मुद्दा असा, की सरोवर वाचवायचं तर शाळेच्या सहली आणि रविवारची गर्दी कशाला हवी? प्रयोगशाळा आणि बोट पुरे नाही का? याचं उत्तर एका आकड्यात आहे. शँप्लेनचं पाणलोट क्षेत्र सरोवराच्या अठरापट आहे. एक चौरस किलोमीटर पाण्यामागे अठरा चौरस किलोमीटर जमीन, आणि तिच्यावर जे काही सांडतं, धुपतं, वाहतं ते शेवटी इथे येतं. सुपीरियर सरोवराला हेच प्रमाण जेमतेम दीडपट आहे. म्हणजे शँप्लेनला दुखतं पाण्यात, पण जखम असते डोंगरापलीकडच्या शेतात, गावाच्या पार्किंगमध्ये, सरळ केलेल्या ओढ्याच्या काठावर. तिथल्या माणसाने सरोवर वर्षभरात एकदाही पाहिलेलं नसेल. त्याला, निदान त्याच्या मुलांना, काठावर आणणं हा उपचाराचाच भाग आहे.

जमीन आणि पाण्याचं हे नातं समजून घ्यायला एका देवमाशापासून सुरुवात करावी लागते.

१८४९ साली रटलंड ते बर्लिंग्टन रेल्वेमार्ग घालताना शार्लट या गावाजवळ मजुरांना चिकट निळ्या मातीत हाडं सापडली. जागा सरोवरापासून दूर, समुद्रापासून तर दोनशे किलोमीटरहून लांब. झॅडॉक थॉम्सन या स्थानिक निसर्गअभ्यासकाने ती जुळवली, हार्वर्डच्या लुई अगासी यांचा सल्ला घेतला आणि निष्कर्ष निघाला, की हा बेलुगा, म्हणजे आर्क्टिक समुद्रातला पांढरा देवमासा. शेताखाली देवमासा!

उलगडा हिमयुगात आहे. एक-दोन किलोमीटर जाडीच्या बर्फाच्या ओझ्याने इथली जमीन खाली दबली होती. बर्फ वितळून मागे हटला, पण जमिनीला वर यायला हजारो वर्षं लागतात. त्या मधल्या काळात, सुमारे १३,००० वर्षांपूर्वी, सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातून अटलांटिकचं पाणी आत शिरलं आणि शँप्लेनच्या खोऱ्यात खारा समुद्र तयार झाला. त्यात देवमासे पोहले, शिंपले वाढले, आणि नद्यांनी आणलेली बारीक माती शांत पाण्यात थरावर थर बसत गेली. जमीन उचलली गेली तसा समुद्र मागे गेला आणि गोडं पाणी राहिलं. तो देवमासा आज विद्यापीठाच्या भूशास्त्र संग्रहालयात आहे. १९९३ मध्ये तो व्हरमाँटचा अधिकृत राज्य जीवाश्म झाला, आणि २०१४ पासून राज्याचा सागरी जीवाश्म आहे.

देवमाशाचं सगळ्यांना कौतुक. मला मात्र त्याच्याभोवतीच्या मातीचं महत्त्व जास्त वाटतं. बर्फाच्या पाण्याने आणि समुद्राने मागे ठेवलेली हीच चिकणमाती शँप्लेन खोऱ्यातली सर्वांत चांगली शेतजमीन झाली. तिच्यावर मका आणि गवत उगवतं, ते खाऊन गाई दूध देतात, त्या दुधावर व्हरमाँटची ओळख उभी आहे. पण ही माती पाणी नीट मुरू देत नाही. जोराचा पाऊस आला की ते वरच्यावर वाहून जातं, आणि चिकणमातीचे कण इतके बारीक, की एकदा पाण्यात मिसळले की लवकर खाली बसत नाहीत. प्रत्येक कणाला फॉस्फरस चिकटलेला असतो.

गोड्या पाण्याच्या सरोवरात शेवाळ किती वाढायचं हे बहुधा फॉस्फरस ठरवतो. सूर्यप्रकाश भरपूर, कार्बन हवेतून मिळतो, नायट्रोजनही काही सूक्ष्मजीव हवेतून ओढून घेतात. तुटवडा असतो तो फॉस्फरसचा, त्यामुळे तो मिळाला की बाकीचं सगळं आपोआप कामाला लागतं. एक किलो फॉस्फरसवर सुमारे पाचशे किलो ओलं शेवाळ वाढू शकतं, असा हिशेब सरोवरशास्त्रात सांगतात. आपल्याकडे शेणखत मिळत नाही म्हणून शेतकरी कुरकुरतो. तिथे तक्रार नेमकी उलटी आहे. गाईंसाठी बाहेरून खाद्य येतं, शेतासाठी खत येतं, त्यातला थोडा फॉस्फरस दुधावाटे खोऱ्याबाहेर जातो आणि उरलेला शेणावाटे तिथेच मुरतो. वर्षानुवर्षं. म्हणून व्हरमाँटमध्ये १५ डिसेंबर ते १ एप्रिल या काळात शेतात शेणखत पसरायला कायद्याने बंदी आहे. गोठलेल्या जमिनीवर टाकलेलं खत वसंतात बर्फ वितळताना थेट ओढ्याला लागतं. कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर, म्हणजे फॉस्फरसच्याच संयुगावर, तर १९७८ मध्येच बंदी आली होती.

सरोवराच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मिसिस्क्वॉय उपसागरात या सगळ्याचा परिणाम उन्हाळ्यात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हा भाग जेमतेम चार मीटर खोल, भोवती शेतीच शेती. पाणी तापतं आणि हिरव्या रंगाचा डबा ओतावा तसा तवंग पसरतो. हे खरं तर शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत : प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू. त्यांच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्या वापरून ते प्रकाशासाठी वर तरंगतात आणि खालच्या शैवालांचं ऊन अडवतात. काही जाती यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं तयार करतात. १९९९ साली सरोवराचं पाणी प्यायलेली कुत्री दगावली, तेव्हा हा प्रश्न नुसत्या दुर्गंधीचा नाही हे लोकांच्या ध्यानात आलं.

यातला सर्वांत चिवट धडा सेंट ऑल्बन्स उपसागराने दिला. १९८० च्या दशकात तिथल्या सांडपाणी प्रकल्पाची सुधारणा झाली, गावातून येणारा फॉस्फरस एकदम खाली आला. सगळ्यांना वाटलं, दोन-चार उन्हाळ्यांत पाणी निवळेल. निवळलं नाही. कारण आधीच्या दशकांत आलेला फॉस्फरस तळाच्या गाळात साठून होता. गाळाला ऑक्सिजन मिळतो तोवर त्यातलं लोह फॉस्फेटला धरून ठेवतं. उन्हाळ्यात तळाशी कुजणाऱ्या शेवाळामुळे ऑक्सिजन संपतो, लोहाचं रासायनिक रूप बदलतं आणि ते फॉस्फेटला सोडून देतं. ते वर येतं, नवं शेवाळ पोसतं, ते मरून खाली जातं, पुन्हा ऑक्सिजन खातं. नळ बंद केला तरी टाकीतच साठा आहे. म्हणून २०१६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने व्हरमाँटकडून येणारा फॉस्फरस ३४ टक्क्यांनी कमी करा असं बंधन घातलं, तेव्हा जाणत्यांनी लगेच फळाची आशा धरली नाही.

फॉस्फरस खरंच घटतोय का, हे मोजतानाही सरोवर हूल देतं. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्यामुळे उन्हाळ्यात खोल भागात तळाशी त्याच सुमाराचं गार पाणी असतं आणि त्यावर गरम पाण्याचं झाकण तरंगत राहतं. दोन्ही थर सहजासहजी मिसळत नाहीत. लांबट, अरुंद सरोवरावर दक्षिणेचा वारा दोन दिवस वाहिला की तो गरम पाणी उत्तरेकडे ढकलतो आणि दक्षिण टोकाला गार थर वर येतो. वारा पडला की दोन थरांमधली तिरकी झालेली सीमा झुलायला लागते. शँप्लेनमध्ये तिचा एक झोका पुरा व्हायला सुमारे चार दिवस लागतात. आत कित्येक मीटर उंचीची लाट हलत असते आणि पृष्ठभाग मात्र जवळपास स्थिर. काठावरच्या माणसाला काही पत्ता नसतो. ‘शँप’ नावाच्या इथल्या प्रसिद्ध जलराक्षसाच्या दर्शनामागे ही आतली लाट वर आणत असलेले बुडालेले ओंडके असावेत, असाही एक तर्क आहे. बर्लिंग्टनच्या बेसबॉल संघाचं नावच ‘लेक मॉन्स्टर्स’ असल्यामुळे हा तर्क फारसा लोकप्रिय नाही. शास्त्रज्ञांसाठी मात्र अर्थ साधा आहे. एका दिवशी एका जागी बाटली भरून आणली तर ती सरोवराबद्दल काहीच सांगत नाही. त्याच त्या ठिकाणी, त्याच खोलीवर, वर्षामागून वर्ष जावं लागतं. १९९२ पासून अशी मोजणी अखंड चालू आहे. अशा मोजणीतून शोधनिबंध निघायला दहा-वीस वर्षं लागतात, आणि तोवर पैसे कोण देणार, ही तिची कायमची रड.

माणसाने केलेल्या दुसऱ्या एका बदलाबद्दल थोडक्यात. १८२३ मध्ये कालव्याने शँप्लेनला हडसन नदीशी जोडलं, १८४३ मध्ये उत्तरेकडे शँब्ली कालवा झाला. लाकूड-धान्य गेलं, बदल्यात परके जीव आले. आज पन्नासच्या आसपास परक्या जाती सरोवरात आहेत. झेब्रा शिंपले १९९३ मध्ये दक्षिण टोकाकडे सापडले, आणि ते पहिल्यांदा दिसले ते एका शाळकरी मुलाला. पिण्याच्या पाण्याचे नळ, बुडालेली जुनी जहाजं, सगळ्यांवर त्यांचा लेप बसला. मराठी वाचकाला गंमत वाटेल ती पुढच्या पाहुण्याची. उपासाला ज्याचं पीठ आपण खातो, त्या शिंगाड्याच्याच जातकुळीतली चार शिंगांची वनस्पती १९४० च्या दशकापासून शँप्लेनच्या दक्षिण भागावर पसरली आहे. आपल्याकडे तळ्यात मुद्दाम लावतात ती ही कुळी तिथे पाण्यावर अशी दाट चटई विणते, की खाली उजेड पोचत नाही आणि बोट चालत नाही. तिचं बी गाळात दहा-बारा वर्षं जिवंत राहतं, म्हणून एक वर्ष काढून भागत नाही. यंत्रं येतात, आणि जिथे यंत्र जात नाही तिथे स्वयंसेवक छोट्या होड्यांतून जाऊन हाताने उपटतात. जलपर्णी काढून दमलेल्या कोणालाही हे काम समजावून सांगायला नको.

स्वयंसेवकांचं दुसरं काम सायनोबॅक्टेरियावर नजर ठेवण्याचं. ‘लेक शँप्लेन कमिटी’ ही १९६३ पासूनची संस्था काठावरच्या रहिवाशांना तवंग ओळखायला शिकवते. ते उन्हाळाभर ठरलेल्या जागी जातात, पाणी पाहतात, फोटो पाठवतात, आणि त्यावरून आज कुठे पोहू नये हे लोकांना कळतं. ओळखायची एक युक्ती कोणालाही जमेल. हिरव्या पाण्यात काठी घालून उचला. तंतूंची लव लोंबत आली तर बहुधा निरुपद्रवी शैवाल. काठीला रंगाचा हात दिल्यासारखा लेप बसला तर संशय घ्या. दुसरी युक्ती बाटलीची. हातमोजे घालून पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि न हलवता ठेवून द्या. वायूच्या त्या पिशव्यांमुळे सायनोबॅक्टेरिया वर जमतात, इतर गोष्टी बहुधा खाली बसतात. प्रयोगशाळेतल्या तपासणीला हा पर्याय नाही, पण तपासणी कुठे करायची ते कळतं. शेकडो किलोमीटरच्या किनाऱ्यावर कुठल्याही विद्यापीठाला एवढे डोळे पगारी ठेवणं परवडणार नाही. केंद्राच्या काचेसमोर नाक दाबून उभी राहणारी पोरं पुढे या डोळ्यांत सामील झाली, तर तिकिटाचे पैसे वसूल.

सगळ्यांत चांगली बातमी मात्र खोल पाण्यातून आली. लेक ट्राउट हा मासा इथून १९०० च्या सुमारास नाहीसा झाला होता. १९७० च्या दशकापासून मत्स्यबीज सोडायला सुरुवात झाली. मासे वाढले, पण लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या, सापासारख्या लांब माशाने त्यांना जखमांनी पोखरलं. १९९० पासून ओढ्यांतल्या लॅम्प्रेच्या पिल्लांवर औषध टाकून ते थोडं आटोक्यात आणावं लागलं. ट्राउट अंडी घालायचे, पिल्लंही निघायची, आणि पुढे कुठेतरी नाहीशी व्हायची. चाळीस वर्षं हेच. शिवाय २००३ मध्ये एलवाइफ नावाचा परका मासा आला. तो ट्राउटचं आवडतं खाद्य झाला, पण त्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, नष्ट करणारं विकर (एन्झाइम) असतं. असे मासे खाणाऱ्या ट्राउटच्या अंड्यांत थायमिन कमी पडतं आणि पिल्लं मरतात. म्हणजे आता आशा संपलीच, असं मानायला जागा होती.

झालं उलटंच. २०१५ पासून व्हरमाँट विद्यापीठाच्या एलेन मार्सडेन आणि त्यांचे सहकारी तळाजवळ जाळं ओढून लहान ट्राउट पकडू लागले. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या प्रत्येक ट्राउटचा सोडण्याआधी एक पर कापलेला असायचा. जाळ्यात आलेल्या कित्येक पिल्लांचे सगळे पर शाबूत होते, म्हणजे ती सरोवरातच जन्मली आणि जगली होती. मागचा हिशेब लावल्यावर कळलं, की हे २०१२ च्या आसपासच सुरू झालं असावं. पुढच्या वर्षांतही शाबूत परांची पिल्लं येत राहिली, तेव्हा मासे सोडणाऱ्या खात्यांनी मत्स्यबीजाची संख्या कमी केली. नेमकं काय बदललं याचं उत्तर अजून पक्कं नाही. खाद्य बदललं, लॅम्प्रे घटले, की आणखी काही, हे तपासायला बोट दरवर्षी त्याच जागी जाळं ओढते आणि पर मोजते.